लेक वन ते लेक इन्सुला: कॉलेज सुरू व्हायच्या आधीचे सहा दिवस

ॲडमिशन झाल्यावर कॉलेजकडून ढीगभर मेल आले, त्यातला एक प्री-ओरिएंटेशन ट्रिपचा होता. क्लासेस सुरू व्हायच्या आधी नवीन मुलांचे छोटे छोटे ग्रुप करून सहा दिवस जंगलात नेतात, बरोबर दोन सीनियर विद्यार्थी लीडर म्हणून, फोन कॉलेजमध्येच ठेवून जायचं. दोन पर्याय होते, बॅकपॅकिंग (सगळं सामान पाठीवर घेऊन चालणं) किंवा कनूइंग (कनू म्हणजे वल्ह्याने चालवायची लांब, अरुंद बोट). मी कनूइंगवर टिक केलं कारण मला वाटलं बोटीत बसायचंय म्हणजे पाठीवर ओझं घेऊन चालायला लागणार नाही. हा समज साफ चुकीचा आहे आणि खूप जणांचा असतो, म्हणून आधीच सांगते.

अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे, डार्टमथ कॉलेजच्या अशा ट्रिप्स १९३५ पासून चालू आहेत, आणि आता कितीतरी कॉलेजं करतात. मला मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. मी देश सोडून दहा दिवसही झाले नव्हते, कॉलेजमध्ये एकही ओळखीचं माणूस नाही, आणि मनात एकच गोष्ट पक्की होती की आपल्यामुळे कुणाला त्रास व्हायला नको, आपण कुणाच्या मध्ये यायचं नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण पुढे जे झालं ते सगळं यातूनच झालं.

जागा होती मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, बाउंड्री वॉटर्स. कॅनडाच्या सीमेला लागून दहा लाख एकरांपेक्षा जास्त जंगल आणि हजाराच्या वर तळी, १९६४ च्या विल्डरनेस ॲक्टपासून राखून ठेवलेलं. मे ते सप्टेंबर रात्री राहायला परमिट लागतं आणि एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार बोटी, त्याच्यावर एकही नाही. काचेच्या बाटल्या, पत्र्याचे डबे आत न्यायला बंदी. आम्ही आठ जण होतो, सहा नवीन आणि दोन लीडर, चार कनू. ईली नावाचं छोटं गाव आहे, तिथून फर्नबर्ग रोड जिथे संपतो तिथे लेक वन, तिथून पाण्यात उतरायचं. लेक वन, टू, थ्री, फोर, मग हडसन आणि मग इन्सुला, आणि त्याच वाटेने परत. तळ्यांना नुसते नंबर दिलेत हे मला नकाशावर बघून फार आवडलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांचं सामान जमिनीवर ओतून तपासलं. लीडरने (तिला मी ताई म्हणते इथे, होतीच तशी, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी) माझी जीन्स आणि सुती टी-शर्ट बाजूला काढले, कारण सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि ओल्या अंगाने वाऱ्यात बसलं की उन्हाळ्यातही माणूस गारठतो. लोकरीचे नाहीतर सिंथेटिक कपडे चालतात. माझ्याकडे लोकरीच्या मोज्यांचा एकच जोड होता. ती म्हणाली, अजून लागतील, कॉलेजच्या स्टोअररूममधून घे, तिथे खोकं भरून आहेत. मी म्हटलं हो. आणि गेले नाही. स्टोअररूम कुठे आहे ते विचारायला नको वाटलं, बस एवढंच कारण.

पहिला दिवस वळायला शिकण्यात गेला. कनूत दोघं असतात, पुढचा जोर लावतो आणि मागचा जोरही लावतो आणि दिशाही सांभाळतो. मागच्याने नुसतं सरळ वल्हं मारलं तर बोट दुसऱ्या बाजूला वळत राहते, म्हणून वल्हं मागे आल्यावर शेवटी अंगठा खाली फिरवून पातं जरा बाहेर ढकलायचं, त्याला जे स्ट्रोक म्हणतात, पाण्यात इंग्रजी जे अक्षर काढल्यासारखं होतं म्हणून. ऐकायला सोपं वाटतं, पण आमची बोट दिवसभर तळ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर नागमोडी जात होती. माझा जोडीदार उंच, शांत मुलगा होता, एका शेतावरून आलेला, फारसं बोलायचा नाही. पहिल्या दिवशी मी पुढे, तो मागे. आमच्या बोटी ॲल्युमिनियमच्या होत्या, ग्रमन कंपनीच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं बनवायची तीच, युद्ध संपताना विमानाच्या पत्र्यातून बोटी करायला लागली. जड असतात पण दगडावर आपटल्या तरी काही होत नाही, नवशिक्यांना तेच बरं.

आता पोर्टेज. एका तळ्यातून दुसऱ्यात जायला मध्ये जमीन येते किंवा उथळ खडकाळ धबधबा येतो, तिथे सगळं सामान आणि बोटही डोक्यावर घेऊन चालत जायचं. नकाशावर अंतर रॉडमध्ये लिहितात, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूच्या लांबीएवढं. लेक वन ते लेक टू मध्ये दोन छोटी पोर्टेज आहेत. बोटीच्या मधोमध एक लाकडी आडवी पट्टी असते, योक, म्हणजे अगदी बैलाच्या मानेवरचं जूच, ते खांद्यावर येतं. एकट्याने उचलायचं तर आधी बोट मांड्यांवर घ्यायची, एक हात जवळच्या कडेला, एक लांबच्या कडेला, आणि एका झटक्यात डोक्यावरून उलटी करायची. आम्हाला सोपी पद्धत शिकवली, एकाने पुढचं टोक उचलून धरायचं, मागचं टोक जमिनीवरच, आणि दुसऱ्याने वाकून खालून आत शिरायचं, खांद्यावर योक बसवायचं आणि म्हणायचं, हं सोड. आत गेल्यावर जग एकदम बदलतं, समोर फक्त दोन पावलांची वाट दिसते, स्वतःचा श्वास पत्र्यावर आपटून मोठ्याने ऐकू येतो, आणि डास तर आतच राहतात. प्राण्यांच्या कातड्यांचा व्यापार चालायचा त्या काळात इथे त्यांची ने-आण करणारे लोक नव्वद नव्वद पौंडांचे दोन गठ्ठे एका वेळी पाठीवर घेऊन या असल्या वाटांवरून जायचे. वाटा मात्र त्यांच्याही आधीच्या, इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांच्या. ती त्यांचीच जमीन. १८५४ च्या तहाने ती त्यांच्याकडून गेली, शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क त्यांनी त्यातही राखून ठेवला. हे सगळं दुसऱ्या लीडरने पोर्टेजच्या तोंडाशी उभं राहून सांगितलं आणि मग कुणी ओझ्याबद्दल काही बोललं नाही.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे सामान एका खेपेत जात नाही. आधी बॅगा घेऊन पलीकडे जायचं, रिकामं परत यायचं, मग बोट घेऊन जायचं. म्हणजे प्रत्येक पोर्टेज तीनदा चालायचं. आणि चालायचं ते ओल्या बुटांनी, कारण बोट खडकावर घासू नये म्हणून पाण्यातच गुडघाभर उतरायचं आणि पाण्यातच चढायचं. सहाच्या सहा दिवस बूट ओले असतात. माझ्या जवळ लोकरीचे मोजे एक जोड, ते पहिल्याच दिवशी ओले, दुसऱ्या दिवशी मी सुती मोजे घातले.

दुसरा दिवस खरं तर फार सुंदर होता. लेक थ्री, फोरच्या बाजूला सगळीकडे जळलेल्या झाडांचे करडे खांब उभे आहेत आणि त्यांच्या खाली दाट हिरवी कोवळी झाडं. २०११ च्या १८ ऑगस्टला पगामी क्रीकजवळ वीज पडून आग लागली, बरेच दिवस ती नुसती धुमसत होती आणि मग १२ सप्टेंबरला वाऱ्याने अशी उठली की एका दिवसात सोळा मैलांच्या आसपास पळाली. एकूण ९२,००० एकरांच्या वर जंगल गेलं. फॉरेस्ट सर्व्हिसची काही माणसं कनूतून फिरून लोकांना बाहेर काढत होती, तीच आगीत सापडली आणि फायर शेल्टर (आगीच्या उष्णतेपासून वाचवणारं पांघरूण) अंगावर ओढून वाचली. इथल्या जॅक पाइन झाडांची फळं राळेने घट्ट बंद असतात, आगीच्या उष्णतेने राळ वितळली की उघडतात आणि बिया पडतात, म्हणून सगळी झाडं एकाच वयाची, एकाच उंचीची. खाली ब्लूबेरी. आम्ही भांडं भरून तोडल्या. रात्री लून पक्ष्याची हाक ऐकली, आधी एक लांबून, मग दुसरा उत्तर देतो तसा, मी तंबूत बराच वेळ जागी होते.

त्याच संध्याकाळी उजव्या टाचेला गरम वाटत होतं. दुखत नव्हतं, नुसतं गरम, चोळल्यासारखं. ताईने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं की याला हॉट स्पॉट म्हणतात आणि हे वाटलं की तिथल्या तिथे थांबायचं आणि सांगायचं, ग्रुप कुठेही असला तरी. मला ते शब्दन् शब्द आठवत होतं. पण सगळे जेवण करण्यात होते, कोण पाणी उकळतंय, कोण अस्वलापासून वाचवायला खाण्याची बॅग झाडावर टांगतंय (जमिनीपासून बारा फूट वर आणि खोडापासून सहा फूट लांब, हे काम वाटतं त्यापेक्षा खूप वेळखाऊ आहे), आणि मी म्हटलं सकाळपर्यंत बरं होईल.

सकाळी टाच लाल होती. मोजा चढवला, बूट घातला. ताईने चहाच्या वेळी गोल करून रोजच्यासारखं विचारलं, सगळे कसे आहेत, पाय, खांदे, पोट. मी म्हटलं मस्त.

तिसऱ्या दिवशीचा प्लॅन सरळ होता. हडसनमधून लवकर निघायचं, इन्सुलाचं पोर्टेज करायचं, ते शंभरावर रॉडचं म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि दुपारच्या आत इन्सुला पार करून कॅम्पवर पोचायचं, कारण इन्सुला मोठं तळं आहे, बेटांनी भरलेलं, आणि दुपारी वारा उठला की मोकळ्या पाण्यात लाटा येतात. पोर्टेजच्या पहिल्या खेपेलाच फोड फुटला. मला कळलं तो क्षण, काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि मग प्रत्येक पावलाला आग. मी पाय वाकडा टाकत पलीकडे गेले, परत आले, आणि बोट उचलायच्या वेळी जोडीदाराला म्हटलं मी पुढून जाते तू घेशील का बोट, त्याने घेतली. मी सगळ्यात शेवटी चालत राहिले आणि मागे पडत गेले. सगळे पलीकडे पोचून वाट बघत बसले, मग ताई मला शोधत उलटी आली. मी एका ओंडक्यावर बसले होते, बूट काढायचा धीर होत नव्हता.

तिने विचारलं, कधीपासून? मी म्हटलं आज सकाळपासून. ती माझ्याकडे बघत राहिली, रागाने नाही, आणि मग मी खरं सांगितलं, काल संध्याकाळपासून.

मग ती खाली मातीत बसली आणि माझा पाय तिच्या मांडीवर घेतला. आधी स्वच्छ पाण्याने धुतलं, हवेवर पूर्ण कोरडं होऊ दिलं. वरची कातडी तशीच ठेवली, ओढून काढली नाही. मोलस्किनचा (फोडांसाठीचं जाड, मऊ, चिकटणारं कापड) जाडसर तुकडा घेऊन त्याला मध्ये फोडापेक्षा मोठं भोक पाडलं, मेदूवड्यासारखं, म्हणजे दाब कडेच्या चांगल्या कातडीवर पडतो आणि फोडाला बुटाचा स्पर्श होत नाही. भोकात मलम, वर टेप. टेपचे चारही कोपरे तिने कात्रीने गोल कापले, टोकदार कोपरा मोज्यात अडकतो आणि तिथूनच टेप सुटायला लागतो. शेवटी बोट फिरवून बघितलं की कुठे सुरकुती नाही ना, कारण सुरकुतीचाच दुसरा फोड होतो. मग तिच्या बॅगेतून स्वतःचे कोरडे लोकरी मोजे काढून मला दिले. एवढं सगळं करायला पाऊण तास गेला. हॉट स्पॉटला असताना नुसता टेप लावायचा होता, ती म्हणाली, दोन मिनिटांचं काम. तिने ते टोमणा म्हणून सांगितलं नाही, पुढच्या वेळी कसं करायचं तसं सांगितलं.

माझं सामान बाकीच्यांनी वाटून घेतलं. पण आम्ही पाण्यात उतरेपर्यंत वारा उठला होता. मोकळ्या पाण्यावर लाटांची पांढरी टोकं दिसत होती, दोन्ही लीडरनी एकमेकांशी बोलून ठरवलं की असं पार करायचं नाही. त्या बाजूच्या जवळच्या कॅम्पसाइट्सवर आधीच लोक होते, आणि ठरवलेल्या जागा सोडून कुठेही तंबू लावायची परवानगी नाही. मग आम्ही काठाला धरून दगडांवर बसून राहिलो. दुपारभर. सगळ्यांनी कॅम्पवर पोचून पोहायचं ठरवलं होतं, ती दुपार त्या दगडांवरच गेली. संध्याकाळी सातच्या सुमारास वारा पडला, पाणी काचेसारखं झालं, आणि आम्ही एका ओळीत निघालो, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. कॅम्पवर पोचलो तेव्हा अंधार पडत होता. तंबू हेडलॅम्पच्या उजेडात लावले, स्वयंपाक अंधारात, खाण्याची बॅग टांगायला दोरी फांदीवरून जाईचना, किती वेळा फेकली कोण जाणे.

रात्री रोजच्यासारखा गोल झाला. रोज प्रत्येकाने दिवसातलं एक चांगलं आणि एक अवघड सांगायचं असायचं. माझी पाळी आल्यावर मी सांगितलं की मला कालच माहीत होतं आणि मी बोलले नाही, कारण मला कुणाला थांबवायचं नव्हतं. माझा आवाज नीट निघत नव्हता. कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. मग माझा जोडीदार म्हणाला, मला वाटलं तू माझ्यावर चिडलीयस. म्हणजे काय, मी विचारलं. तो म्हणाला, काल संध्याकाळपासून तू बोलत नाहीयेस, बोटीत मागे वळून बघत नाहीयेस, मी दिवसभर विचार करतोय की काल मी बोट वाकडी नेत होतो म्हणून तू वैतागली असशील, म्हणून मी पण गप्प होतो.

हे मला कधीच सुचलं नसतं. मी दीड दिवस समजत होते की माझं दुखणं माझ्यापाशी आहे, कुणाला त्याचा त्रास नाही. आणि तो बिचारा त्याच बोटीत माझ्या मागे बसून ते दुसऱ्याच रूपात वाहत होता. आठ माणसांत एक जण गप्प झाला की बाकीचे सात जण त्याचा काहीतरी अर्थ लावतातच, आणि तो बहुतेक वेळा स्वतःवरच घेतात. नवीन कॉलेजात, जिथे कुणीच कुणाला ओळखत नाही, तिथे तर नक्कीच.

त्यानंतरचे तीन दिवस मी काय सांगू. चौथ्या दिवशी मी मागे बसले, जे स्ट्रोक जमायला लागला, एकदम नाही, पण मधूनच बोट पंधरा-वीस वल्ही सरळ जायची आणि आम्ही दोघं ओरडायचो. पाचव्या दिवशी विजा चमकायला लागल्या तर सगळे पटापट काठाला आलो आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास होईपर्यंत पाण्यात उतरलो नाही. परतीच्या पोर्टेजला बोट मी उचलली, टेप लावलेल्या टाचेने, पूर्ण अर्धा किलोमीटर नाही, अर्धी वाट, मग तो आत शिरला.

ज्या मुली जायचा विचार करतायत आणि विचारायला संकोचतायत त्यांच्यासाठी दोन ओळी: कॅम्पसाइटवर मागे जंगलात संडासाची ठरलेली जागा असते, उघड्यावरचाच साधा कमोड, भिंती नाहीत पण आडोसा असतो, आणि पाळीसाठी झिपवाली पिशवी बाहेरून टेप गुंडाळून नेली की काही दिसत नाही, वापरलेलं सगळं परत घेऊन यायचं. लीडरना आधी सांगितलं तर जास्तीचं सामान त्यांच्याकडे असतंच. पोहता येत नसेल तर फॉर्ममध्ये खरं लिहा. लाइफ जॅकेट पाण्यात असताना कायम अंगावर असतं आणि सुरुवातीला कमरेएवढ्या पाण्यात बोट उलटवून सराव घेतात, पण कुणाला कुठल्या बोटीत बसवायचं ते फॉर्म बघून ठरतं.

पुढच्या वर्षी मी असिस्टंट लीडर झाले, यावेळी बॅकपॅकिंग ग्रुपला. सुपीरियर हायकिंग ट्रेल, लेक सुपीरियरच्या काठाने तीनशे मैलांपेक्षा जास्त लांब जाते, आम्ही सिल्व्हर बे गावाजवळून बीन आणि बेअर या दोन तळ्यांच्या बाजूने निघालो होतो. बॅकपॅकिंगमध्ये ओझं एकदा पाठीवर आलं की दिवसभर तिथेच, मध्ये वल्ही मारत बसायची विश्रांती नाही. कमरेचा पट्टा नीट हाडांवर बसवला तर वजन खांद्यावर येत नाही, नाही बसवला तर संध्याकाळी हात वर होत नाहीत. वाट मुळांनी आणि दगडांनी भरलेली आणि चढ-उतार सतत, टाच बुटात वर-खाली होतच राहते.

निघून अर्धा तास झाला असेल, मी सगळ्यांना थांबवलं. म्हटलं, पायाला कुठे गरम वाटतंय का कुणाच्या? सगळे म्हणाले नाही. एक मुलगा, सगळ्यात मागे चालणारा, जरा जास्तच पटकन नाही म्हणाला आणि बाटलीतून पाणी प्यायला लागला. मी काही बोलले नाही. वाटेच्या कडेला एका खडकावर बसले, माझ्या उजव्या बुटाची नाडी सोडली, मोजा काढला आणि टाच हवेवर धरली. माझी टाच ठीकच होती. तिथे अजून एक पांढुरका डाग आहे, तो त्यांना दाखवला आणि इन्सुलाच्या काठावर बसून काढलेली दुपार सांगितली, जोडीदाराचं बोलणंही सांगितलं.

मी सांगत असतानाच एक मुलगी खाली बसली आणि बूट काढायला लागली. मग दुसरा. तो मागचा मुलगा थोडा वेळ उभाच होता, मग त्याने बॅग उतरवली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. त्याची टाच नाण्याएवढी लाल झाली होती, फोड नव्हता अजून. मी कात्री काढली आणि टेपचे कोपरे गोल कापायला लागले.